आत्तीचा उलटतपास

मागच्या महिन्यात आमच्या आत्तीचा उलटतपास झाला. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वय ७४, दोन्ही गुडघे कामातनं गेलेत, जिना चढताना एकेक पायरीला थांबून कठड्याला शिव्या घालते. संध्याकाळी घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, काय झालं ओ कोर्टात, तर एवढ्या सगळ्या रामायणातनं आत्तीनं एकच सांगितलं, "साहेबांनी खुर्ची दिली बसायला." बास. जमिनीचं काय, काकांच्या वकिलानं काय विचारलं, काहीच नाही. खुर्ची.

तेव्हापास्नं ती खुर्ची माझ्या डोक्यात बसलीय म्हणून लिहितोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

केस काय ते थोडक्यात. गावाकडं सव्वातीन एकर ऊस, आज्जा १९९८ ला वारला, सातबाऱ्यावर दोन काका आणि माझे वडील, आणि आत्तीचं नाव खाली इतर हक्काच्या रकान्यात, मालकांत नाही. पोरींची नावं कुठं घालायची तर इतर हक्कात, आमच्याकडं घरोघरी हेच. तिचं लग्न १९७१ चं. महाराष्ट्रानं १९९४ ला कायदा करून मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाबरोबरीचा हक्क दिला पण तो तेव्हा लग्न न झालेल्या पोरींनाच, म्हणजे आत्ती त्यातनं बाहेर. मग ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राचा कायदा आला, त्यात लग्नाची अट गेली, पण त्या तारखेला बाप जिवंत पाहिजे का नको यावर पंधरा वर्षं वकिलांनी काथ्याकूट केला आणि शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा केसमध्ये सांगितलं की हक्क जन्मानं मिळतो, बाप तेव्हा असो नाहीतर नसो. ही बातमी आत्तीनं टीव्हीवर ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिचा माझ्या वडिलांना फोन, "ऐकलास का रं?"

२०२१ ला आत्तीनं वाटपाचा दावा टाकला. वडील प्रतिवादी नंबर तीन, त्यांनी कैफियतीत लिहून दिलं की बहिणीला हिस्सा द्या, माझी हरकत नाही. त्यामुळं गेली चार वर्षं गावच्या जत्रेत आम्हाला जेवायला कोण बोलवत नाही. थोरलं काका एकदा रस्त्यात भेटले तर म्हणाले, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. ही म्हण मी बघितलंय, सातबाऱ्यावर ज्याचं नाव असतं तोच जास्त सांगतो.

कोर्ट कुठलं ते लिहीत नाही, जिल्ह्यातलंच एका तालुक्याचं समजा. मी कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्रीच्या ऑफिसात आहे, तारखेला हाफ डे टाकायचा, आत्तीला गाडीवर घ्यायचं आणि साडेदहाला तिथं हजर. पहिली दोन वर्षं जे बघितलं ते बघून मला खरं तर कायद्यापेक्षा वागणुकीचाच जास्त राग यायला लागला. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसच्या यादीत, एकदा ८७ मॅटर होते, मी बसून मोजलेत, त्यामुळं न्यायाधीश साहेब चिडणार हे मला कळतंय, ८७ लोकांच्या भांडणात बसून कुणाचं डोकं शांत राहील. पण व्हरांड्यात एकच बाकडं, त्यावर आधी पोचलेली माणसं, आत्ती भिंतीला टेकून उभी. एकदा ती बाथरूमला गेली, बाथरूम पार मागच्या बाजूला आणि कुलूप लावलेलं, किल्ली कुणाकडं ते शोधेपर्यंत इकडं पुकारा झाला. वादी गैरहजर! आमचे वकील पळत आत गेले म्हणून वाचलो, नाहीतर वादी हजर नाही म्हणून दावाच निकालात निघाला असता. आत्ती परत आली तर तिला काही पत्ताच नाही, मला म्हणते, "आपला लंबर आला का?"

आणि एकदा मोबाईल वाजला तिचा. चूक तिची, बाहेर बोर्डच लावलाय मोबाईल बंद ठेवा म्हणून. पण तेव्हाचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, अडाणी आहे का ही बाई, बाहेर काढा हिला. पट्टेवाल्यानं दंडाला धरून बाहेर आणलं. पुढच्या दोन तारखा ती आलीच नाही, म्हणाली माझ्या तर्फे तूच जा. चौथी शिकलेली बाई आहे, अडाणी हा शब्द तिला तलवारीसारखा लागतो.

वकिलांना मी म्हटलं, असं बोलायचं चालतं का हो? ते हसले. मग मीच रात्री बसून वाचायला लागलो. (वाचायला लागलो म्हणजे मोबाईलवर, बायको म्हणायची सिरीयल बघतोयस काय लपून.)

तर नियम आहेत. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांनी कसं वागावं याची १६ कलमांची यादी सुप्रीम कोर्टाच्या सगळ्या न्यायाधीशांनी मिळून ७ मे १९९७ ला मंजूर केलीय. जवळच्या नातेवाइकाची नाहीतर मित्राची केस ऐकायची नाही, भेटवस्तू घ्यायच्या नाहीत, शेअर्सची सट्टेबाजी करायची नाही, क्लबची निवडणूक लढवायची नाही, घरातलं कोण वकील असेल तर त्यानं साहेबांचं घर ऑफिससारखं वापरायचं नाही. आपल्यावर लोकांची नजर आहे याचं भान ठेवावं असंही त्यात आहे. नंतर २००१ मध्ये बेंगळुरूत वेगवेगळ्या देशांच्या न्यायाधीशांनी बसून एक मसुदा केला, पुढच्या वर्षी हेगमध्ये तो पक्का झाला, बेंगळुरू तत्त्वं म्हणतात त्याला. त्यात सहा गोष्टी सांगितल्यात आणि त्यातली एक सरळसरळ सगळ्यांना सारखं वागवण्याचीच आहे. तालुक्याच्या न्यायाधीशांवर ताबा हायकोर्टाचा, घटनेचं कलम २३५. म्हणजे तक्रार करायला जागा आहे. पण ज्याच्यासमोर पुढची तारीख आहे त्याची तक्रार कोण करणार हो? दावा लावलेला माणूस म्हणजे दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेला माणूस, तिथनं त्याच्याशी भांडत नसतात.

सुप्रीम कोर्टाच्या त्या १६ कलमांच्या यादीतलं पहिलंच कलम मला जास्त पटलं. न्याय नुसता करून चालत नाही, तो झालेला दिसला पण पाहिजे. हे वाक्य मूळचं इंग्लंडचं आहे १९२३ चं, आणि त्यामागची गोष्ट इतकी आपल्या तालुक्याच्या कोर्टातली वाटते की सांगतोच. एका मोटरसायकलवाल्याचा अपघात झाला, बेदरकार गाडी चालवली म्हणून खटला. न्यायाधीश निकालाचा विचार करायला आतल्या खोलीत गेले तेव्हा कोर्टाचा क्लार्क पण त्यांच्याबरोबर आत गेला. आता हा क्लार्क ज्या वकिलांच्या फर्ममधला, तीच फर्म त्या अपघातातल्या समोरच्या पार्टीतर्फे नुकसानभरपाई मागत होती. आत त्यानं एक शब्द काढला नव्हता, कुणी त्याला काही विचारलं पण नव्हतं. तरी तिथले मुख्य न्यायाधीश लॉर्ड हेवर्ट यांनी शिक्षा रद्द केली. तो आत काय बोलला हा प्रश्नच नाही, बाहेर थांबलेल्या माणसाला काय वाटलं हा प्रश्न.

हे वाचताना मला आमची एक तारीख आठवली. साहेब चेंबरमध्ये गेलेले, आम्ही बाहेर उभे, आणि काकांचे वकील ऑफिसच्या टेबलाला टेकून कारकुनाबरोबर चहा पितायत, टाळ्या देतायत. असेल मॅचचं काहीतरी. रोज आठ आठ तास एकाच इमारतीत वावरणारी माणसं चहा पिणार नाहीत तर काय करतील. पण आत्तीनं ते बघितलं आणि माझ्या कानात म्हणाली, "झालं. आपलं काय खरं न्हाई." मी लई समजावलं, त्याचा केसशी काही संबंध नसतो म्हणून. पण तिनं घरी येईपर्यंत गाडीवर मागं बसून एक शब्द काढला नाही.

वकिलांना पण नियम आहेत बरं का. बार कौन्सिल म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था, तिच्या नियमात आहे की वकिलानं नुसतं अशिलाचं तोंड होऊन बोलू नये, स्वतःची अक्कल वापरावी आणि भाषा जपावी. गैरवर्तन केलं तर १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडं तक्रार करता येते. आमच्या स्वतःच्या वकिलांबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे, ते वाईट नाहीत पण काही सांगत नाहीत. आज काय झालं विचारलं की "झालं, पुढची घेतलीय." का घेतली, कुणी मागितली? वाटपाच्या दाव्यात पार्टीला तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत असं दिवाणी प्रक्रिया संहितेतच लिहिलंय हे मला दोन वर्षांनी कळलं, आणि आत्तीला बाई म्हणून उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा समितीकडनं वकील फुकट मिळाला असता हे पण तेव्हाच कळलं. १९८७ चा कायदा आहे, तालुक्यातालुक्यात समिती आहे, १५१०० हा फोन नंबर आहे. वकिलांना ते विचारलं तर म्हणाले, "फुकटचं काम फुकटासारखंच होतंय." त्यांना पैसे देऊन झालं होतं तेव्हा गप बसलो.

मधेच एक मोठं काम झालं ते सांगायला पाहिजे कारण कोल्हापूरवाला असून ते सांगितलं नाही तर लोक मारतील. १७ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं, म्हणजे इथल्या शाखेचं, उद्घाटन केलं, १८ पासून काम सुरू. चाळीस वर्षं वकील भांडले त्यासाठी. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्हे. त्याआधी हायकोर्टात मॅटर असलं की रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, सकाळी मुंबईत स्टेशनवर तोंड धुवायचं, दिवसभर कोर्टात बसायचं आणि मॅटर निघालं नाही की परत रात्रीची गाडी. वडिलांचे एक मित्र असे नऊ वेळा गेलेले, मुंबईत त्यांनी गेटवे पण बघितला नाही. एवढ्या लांब न्याय ठेवणं हीच एक प्रकारची वागणूक होती की. हां, या आंदोलनात वकील अधनंमधनं कामकाजापासून अलिप्त राहायचे त्यात आमच्या पण दोन तारखा गेल्या, आत्ती म्हणायची अलिप्त म्हंजे काय रं, मी सांगायचो सुट्टी.

उद्घाटनानंतरच्या आठवड्यात आत्तीला सीपीआर हॉस्पिटलला गुडघे दाखवायला नेलं होतं. समोरच ते सर्किट बेंच, भाऊसिंगजी रोडला, जुन्या जिल्हा कोर्टाच्या इमारतीत. रंगरंगोटी करून नवरीसारखं सजवलेलं. आत्ती रिक्षातनं बघत बसली, म्हणाली इथं मराठीत बोलत्यात का? मी म्हटलं नाही, हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं, घटनेतच तसं आहे, खालच्या कोर्टाची भाषा तेवढी मराठी. "मग आपल्याला काय कळणार?" मला उत्तर सुचलं नाही. मुंबई पावणेचारशे किलोमीटर जवळ आली पण भाषेचं तेवढं अंतर राहिलंच.

याच भाऊसिंगजी रोडला गंगाराम कांबळेंचं चहाचं हॉटेल होतं, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पण माहीत असतं. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून शाहू महाराजांच्या पागेतल्याच लोकांनी त्याला मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत, गंगारामला हॉटेल काढून दिलं आणि स्वतः लवाजमा घेऊन तिथं चहा प्यायला जायला लागले. चाबकाचा हिशोब शिक्षेनं मिटला असता. पण लोकांच्या डोळ्यांदेखत त्याच्या हातचा चहा पिणं हे वेगळं. याच राजानं अस्पृश्य समाजातल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या, म्हणजे कोर्टात पुकारा व्हायची वाट बघत उंबऱ्याबाहेर उभं राहणाऱ्यांना काळा कोट घालून आत आणलं.

बायकांशी कोर्टात कसं बोलतात हा तर स्वतंत्र विषय आहे. मध्य प्रदेशात विनयभंगाच्या केसमध्ये आरोपीला जामीन देताना अट काय घातली, तर त्या बाईकडनं राखी बांधून घे! सुप्रीम कोर्टानं १८ मार्च २०२१ ला ती रद्द केली आणि असलं काही परत लिहू नका म्हणून सूचना काढल्या, २०२३ ला तर कुठले शब्द वापरायचे नाहीत याचं पुस्तकच काढलं. आणि २०२४ च्या सप्टेंबरात कर्नाटक हायकोर्टातल्या एका न्यायमूर्तींचं महिला वकिलाला उद्देशून बोललेलं लाइव्ह व्हिडिओतनं देशभर फिरलं, सुप्रीम कोर्टानं आपणहून दखल घेतली, न्यायमूर्तींनी माफी मागितली तेव्हा विषय मिटला. कॅमेरा होता म्हणून हे दिसलं. आमच्या तालुक्याच्या कोर्टात कॅमेरा नाही, भिंतीला टेकलेली आत्ती होती फक्त.

मग साहेब बदलले. साधारण तीन वर्षांनी बदली होतेच. नवीन आलेले साहेब तरुण, चाळिशीच्या आतले असतील. पहिल्याच दिवशी बघितलं, साडेदहाला बसल्या बसल्या त्यांनी बोर्ड चाळला आणि कुठली मॅटर आज होणार नाहीत ते आधीच सांगून टाकलं, तुम्ही तारीख घेऊन जा म्हणाले. निम्मी माणसं अकराला घरी! एवढी साधी गोष्ट. माझा हाफ डे वाचला त्या दिवशी, आणि आत्ती येताना बस स्टँडवर भजी खाऊन आली.

तर उलटतपास. सरतपास आजकाल प्रतिज्ञापत्रावर असतो, म्हणजे आमच्या वकिलांनीच आत्तीचं म्हणणं सदरहू आणि उपरोक्त घालून सात पानं टाईप केलेलं. ते मी तिला घरी वाचून दाखवलं तर म्हणाली, "ही बाई कोण?" त्यावर आता काकांचे वकील प्रश्न विचारणार. पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली, आणि एका हातानं कठडा धरला. साहेबांनी वर बघितलं. "आजी, उभं राहायला त्रास होतोय का?" ती म्हणाली न्हाई न्हाई. खोटं. शपथेवरचं पहिलंच वाक्य खोटं! साहेब पट्टेवाल्याला म्हणाले खुर्ची द्या. तोच पट्टेवाला, दंडाला धरून बाहेर काढणारा. प्लॅस्टिकची लाल खुर्ची आणली, एक पाय जरा वाकडा होता, त्यानं हलवून बघितली आणि आत ठेवली. मग साहेब म्हणाले, "प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणायचं, परत विचारायला लावतो."

पहिला प्रश्न, तुमच्या लग्नात भावांनी किती खर्च केला. आत्ती म्हणाली, "थोरला तवा आठवीत हुता. त्यानं काय खर्च केला आसंल, गोट्या इकून?" मागं बसलेले वकील हसले. साहेब हसले नाहीत, म्हणजे ओठ दाबले, आणि शांतपणे टायपिस्टला सांगितलं, "हे म्हणणे खरे नाही की, माझ्या लग्नाचा खर्च प्रतिवादींनी केला होता." आत्ती वळून माझ्याकडं बघायला लागली, मी असं कुठं म्हटलं या चेहऱ्यानं. साक्ष अशीच उतरवतात, तिच्या सगळ्या गोट्या जाऊन "खरे नाही की" उरलं.

मग वकील म्हणाले, म्हातारपणी माणसाला हाव सुटते, तुम्हाला कुणीतरी शिकवून पाठवलंय. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "वकीलसाहेब, यात प्रश्न कुठाय?" वकील म्हणाले सर सजेशन आहे, म्हणजे आपली बाजू साक्षीदारापुढं ठेवून हे खरं का असं विचारणं. "मग सजेशनसारखं विचारा. हाव बाजूला ठेवा." आवाज चढवला नाही. साक्षीदाराचा नुसता अपमान करायला विचारलेला प्रश्न कोर्टानं अडवायचा ही तरतूद जुन्या पुरावा कायद्यात कलम १५२ ला होती, १ जुलै २०२४ पासून कायद्याचं नाव भारतीय साक्ष्य अधिनियम झालं पण तरतूद आहे तशीच आहे. म्हणजे मागच्या साहेबांकडं पण हे हत्यार होतंच, म्यानातनं काढायचं तेवढं.

पण मला खरं आवडलं ते वेगळंच. आत्तीला जोर चढला आणि ती धाकट्या काकीनं दिवाळीला काय केलं ते सांगायला लागली तर साहेबांनी तिलाही थांबवलं, "आजी, विचारलंय तेवढंच." आमचे वकील मागनं मान हलवून खुणा करत होते, त्यांनाही झापलं. आणि काकांच्या वकिलांनी जेव्हा खरा टोकदार प्रश्न विचारला, की १९९८ ला वारस नोंद झाली तेव्हा तुम्ही हरकत घेतली का, तेव्हा साहेब मधे पडले नाहीत. आत्ती गप्प. पंख्याचा आवाज तेवढा. मग म्हणाली, "न्हाई." २०२१ पर्यंत कधी लेखी हिस्सा मागितला? "न्हाई." टाईप झालं. आमच्या विरोधातलं होतं, माझ्या पोटात गोळा आला, पण प्रश्न रास्त होता आणि उत्तर खरं होतं, काय म्हणणार?

शेवटी साक्ष वाचून दाखवली. सही करायला पुढं बोलावलं तर आत्ती उठायला लागली, साहेब म्हणाले कागद तिकडं न्या. तिची सही म्हणजे एकेक अक्षर लावून लावून, काना दिला की थांबायचं, वेलांटी द्यायची. बोर्डावर अजून मॅटर होते, पुढचे वकील फाईल घेऊन उभेच होते. कुणी घाई केली नाही.

बाहेर आलो तर थोरलं काका गेटपाशी. दोघं एकमेकांकडं न बघता उभी. मग काका म्हणाले, "त्यो पाय दावलास का कुणाला?" आत्ती म्हणाली सीपीआरला दावला. एवढंच.

परवा ॲपवर बघितलं, युक्तिवादाला नेमलंय. वकील म्हणाले आता पार्टीची गरज नाही, आजींना आणू नका उगाच. मी तसं आत्तीला सांगितलं तर चिडली, म्हणाली मी बोलले ते साहेबांनी ऐकून घेतलं, आता ते काय बोलत्यात ते मी ऐकाय नको? रजेचा अर्ज टाकलाय मी.